हरणांसाठी पेरलेली मटकी

माझ्या वडलांनी आयुष्यभर हरणं हाकलली, आणि सत्तरी ओलांडल्यावर दुबईबाहेरच्या वाळूत तीच बोलावून आणायचं काम अंगावर घेतलं. त्या हिवाळ्याची आठवण आली की मला आधी हसू येतं आणि मग लाज वाटते. लाज का, तेही सांगणार आहे, कारण ते गाळलं तर सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

आई गेली तेव्हा मी वेळेवर पोचले नाही. इथून विमान, तिथून सात तासांचा रस्ता. मी दारात उतरले तेव्हा माणसं स्मशानातून परत येऊन पाय धूत होती. तेराव्यानंतर आप्पांना मी दुबईतल्या अल बर्शाच्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. शेत आणि दोन गाई चुलतभावाकडे सोपवल्या, आणि सगळ्यांना सांगितलं की त्यांना एकट्याला ठेवणं बरं नाही. खरं म्हणजे एकटेपणा मला सोसत नव्हता. आईच्या वेळी चुकलं ते वडलांपाशी भरून काढायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. मी एकदा ठरवलं की समोरच्याची इच्छा विचारायची राहून जाते, हा माझा जुना दोष.

आप्पा आपली इच्छा रोज सकाळी चहाबरोबर सांगत. "मला गाडीत बसवून दे." गाडी म्हणजे विमान. आठ वर्षांची माझी मुलगी ऐकून म्हणायची, "आजोबा, यू जस्ट केम." ते मला विचारायचे, काय म्हणती? मी सांगायचे, राहा म्हणतेय. मग ते पाचव्या मजल्याच्या बाल्कनीत जाऊन बसत. समोरून मेट्रो जायची, पण तिच्याकडे ते बघत नसत. खाली रस्त्याच्या कडेला फुलझाडांचे ताटवे होते, तिथला माळी भर उन्हात पाणी देतो, एवढंच त्यांना दिसायचं. आई गेल्यापासून ते हसलेले मी पाहिले नव्हते. जेवण अर्धं आणि बोलणं त्याहून कमी. इकडे नवऱ्याने त्यांच्या रेसिडेन्स व्हिसाचे कागद जमवायला घेतले होते, म्हणजे मीच घ्यायला लावले होते. आप्पांना त्याचा पत्ता नव्हता.

नवरा ठिबक सिंचनाच्या कंपनीत आहे. त्याचं एक जुनं गिऱ्हाईक म्हणजे अल ऐनच्या रस्त्यावरून आत, वाळूच्या टेकड्यांना लागून मोठा मळा असलेले एक वयस्क इमिराती गृहस्थ. खजुरीची झाडं, शेळ्या, चार उंट, सगळं होतं. हौस एकच उरली होती. टेकड्यांपलीकडे रानातली हरणं फिरतात, ती आपल्या जमिनीवर यावीत, चरावीत आणि आपण दारात बसून बघावीत. विकत आणून कोंडलेली नकोत, स्वतःच्या पायांनी आलेली हवीत. त्यासाठी त्यांनी वर्षभर लसूणघास लावली होती आणि त्यांच्याच शेळ्यांखेरीज तिला कुणी तोंड लावलं नव्हतं. हा किस्सा नवऱ्याने जेवताना सांगितला. आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला आणि विचारलं, "पेरलंय कुठं?"

शनिवारी आम्ही त्यांना दाखवायला घेऊन गेलो. मळ्याच्या मधोमध, चहूबाजूंनी तारेची जाळी आणि त्या जाळीत गुडघाभर वाढलेली हिरवीगार लसूणघास. आप्पा जाळीपाशी उभे राहिले आणि हसले. चांगले खांदे हलवून हसले. मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे पाहिलं, कारण दोन महिन्यांत तो आवाज घरात आलाच नव्हता.

"पिंजऱ्यात कोण जेवायला येतंय?" ते म्हणाले.

मग ते बोलायला जे लागले ते लागलेच. आमच्या गावचा माळ मुरमाड, त्यावर काळविटांचे कळप, आणि पेरणीपासून काढणीपर्यंत त्यांच्याशी चाललेलं आप्पांचं वैर पन्नास वर्षांचं. हरणाला तीन बाजू मोकळ्या लागतात, पळायला वाट दिसली पाहिजे. गुडघाभर वाढलेल्याला ते तोंड लावत नाही, त्याला टीचभर कोवळं हवं. वाऱ्याच्या उलट दिशेने येतं, फटफटायला येतं, आणि पहिले दोन दिवस नुसतं बघून जातं. हे सगळं ते मराठीत सांगत होते, नवरा हिंदी करत होता, आणि पाणी सोडणारा पेशावरकडचा कामगार मान डोलवत होता.

मळ्याच्या मालकांना नवऱ्याच्या हिंदीची गरज नव्हती. तरुणपणी ते व्यापारासाठी जहाजातून मुंबईला यायचे, महिना महिना राहायचे. त्यांची हिंदी तेव्हाची, थोडी गंजलेली. आप्पांची हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी 'है' लावलेली. पण दोघांचं जमलं. आप्पांनी विचारलं, हे सगळं तुम्हाला कशाला? ते म्हणाले, "हम जवान था तब बहुत मारा. कुत्ता लेके, बंदूक लेके. अभी खाना देगा." गाडीत बसताना आप्पा एवढंच म्हणाले, पाटील माणूस बरा आहे. तेव्हापासून त्या गृहस्थांना आमच्या घरात पाटील हेच नाव पडलं.

त्याच संध्याकाळी आप्पांनी मला बर दुबईला पिटाळलं. लसूणघास ठीक आहे, पण हरणाचा जीव मटकीवर, असं त्यांचं म्हणणं. मीना बाजारच्या मागच्या गल्लीतल्या किराणा दुकानातून मी पाच किलो मटकी आणली. दुकानदार म्हणाला, ताई, घरी लग्न आहे का? आप्पांनी त्यातली मूठभर पंच्यात बांधून उगवण तपासली. दुसऱ्या दिवशी मोड आलेले बघून मुलगी खूश झाली, तिला वाटलं मिसळ आहे. आप्पांनी शंभरात किती उगवले ते मोजले, समाधानाने मान हलवली, आणि त्या मूठभर मोडांची आम्ही खरंच उसळ केली. अजूनही मटकी भिजवताना माझा हात आपोआप मोजायला लागतो.

जाळीबाहेर, टेकडीच्या बाजूला, अर्ध्या एकराचा तुकडा पाटलांनी दिला. शेणखत घातलं, नवऱ्याने नळ्या अंथरल्या, पेरणी झाली. आप्पा आता मंगळवारी नवऱ्याच्या गाडीतून मळ्यावर जात आणि शनिवारी आमच्याबरोबर परत येत. मधले दिवस ते त्या कामगाराच्या शेजारच्या खोलीत राहत. तो त्यांना चाचा म्हणायचा, आप्पा त्याला खान म्हणायचे, मात्र भाकरी कुणाची चांगली यावरून दोघांचं रोज वाजायचं. आप्पांना भूक लागायला लागली. रंग उजळला म्हणणार नाही, उलट रापला, पण तो त्यांचा खरा रंग होता. शनिवारी आम्ही पोचलो की ते मला हाताला धरून तुकड्याकडे न्यायचे आणि वाफा न् वाफा दाखवायचे. लहानपणी मी शाळेतून आले की असंच दाखवायचे. गाफच्या झाडाखाली सतरंजी टाकून आम्ही भाकरी, ठेचा, पिठलं खायचो. पाटील आपला कॉफीचा थर्मास आणि खजूर घेऊन यायचे, ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं तरी परत मागायचे. आयुष्यातल्या सुखाच्या जागा सांगायला लावल्या तर मी त्या सतरंजीचं नाव पहिलं घेईन.

फक्त एक वाक्य मला टोचत होतं. पेरणीच्या दिवशी हात झटकत आप्पा म्हणाले होते, "हरणं खाऊन गेली की मी मोकळा. मग मला गाडीत बसवून द्यायचं." आणि मी हो म्हणून बसले होते.

डिसेंबर संपताना मटकीला टीचभर पाला आला. व्हिजिट व्हिसा एकदा वाढवून झाला होता. एका शनिवारी आप्पांनी मला तुकड्याच्या पलीकडच्या कडेला नेलं आणि बसायला सांगितलं. वाळूत खुरांचे ठसे होते, बदामाच्या दोन फाकांसारखे. "वीस पावलांवर येऊन गेलीत," ते कुजबुजले. हरणं जणू अजून ऐकत असावीत, असा आवाज. मी वा म्हटलं, छान म्हटलं, आणि मनात दिवस मोजायला लागले. दोन आठवडे, फार तर तीन. मग बाल्कनीतली ती खुर्ची रिकामी.

आता माझा उद्योग. आमच्याकडे शेताच्या बांधावर माणसाचे केस ठेवतात. न्हाव्याकडून पोतंभर केस आणून कडेकडेने टाकले की माणसाच्या वासाने हरणं बिचकतात, रानडुकरंसुद्धा. आई त्यात स्वतःची भर घालायची. सकाळी विंचरून झालं की गुंतवळ बोटाभोवती गुंडाळायची, शेवटाला गाठ मारायची, आणि आठवड्याची साठली की बांधावरच्या काट्यांत खोचून यायची. हे मला कुणी शिकवलं नाही, पण मीही तशीच गुंडाळते, तशीच गाठ मारते. पुढच्या शनिवारी मी माझ्या आठवडाभराच्या गुंतवळी पर्समध्ये घालून मळ्यावर गेले. आप्पा जेवून आडवे झाल्यावर टेकडीकडच्या बाजूने फिरले, आणि नळीखाली दर दहा पावलांवर एकेक दाबली.

तीन शनिवार मी हे केलं. राखणदाराची पोर, कुठून वारा येतो, हरीण कुठे थबकतं, सगळं मला ठाऊक होतं. ठसे येणं थांबलं. मी घरी आनंदाने श्रीखंड केलं, आणि नवऱ्याला म्हटलं, कागद लवकर पुढे सरकव.

आप्पा मात्र खचायला लागले. आधी ते वाऱ्याला दोष देत होते, मग पाण्याच्या खारटपणाला. चौथ्या शनिवारी मी भांडी धूत होते आणि ते गाफखाली पाटलांशी बोलत होते, तेव्हा मला ऐकू आलं. गावाकडे एका पहाटे हरभऱ्यातून कळप हाकलताना एक गाभण हरणी कठडा नसलेल्या विहिरीत पडली, ते सांगत होते. ते स्वतः आत उतरले, दोराने तिला वर काढलं, पण ती मेलेली होती. आई त्यानंतर दोन दिवस जेवली नव्हती. मला हे माहीत होतं, पण आप्पांच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "वो हमको पहचानता है. हमारे हात का नहीं खायेगा." पाटील नुसतं इन्शाल्ला म्हणाले.

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. वडलांना जवळ ठेवायच्या नादात मी त्यांना या वयात हे ऐकवलं होतं की मुकी जनावरंसुद्धा त्यांना माफ करत नाहीत. मी तशीच उठले, टेकडीकडच्या कडेला गेले आणि नळी उचलून उचलून गुंतवळी शोधायला लागले. एकही सापडली नाही. वाऱ्याने गेल्या असतील, उंदरांनी नेल्या असतील, मी स्वतःला सांगितलं. सुटल्यासारखं वाटलं. त्याच वेळी आप्पांना सगळं सांगून टाकायला हवं होतं, पण मी सांगितलं नाही. घाबरट माणूस चूक निस्तरतो आणि कबूल करायची तेवढी ठेवून देतो.

त्यानंतर मी दर शनिवारी गाडीतून उतरायच्या आधी विचारायचे, आली का? आणि आता मला ती खरंच यायला हवी होती. आप्पा म्हणायचे, न्हाई अजून. पण चेहरा पूर्वीसारखा पडलेला नसायचा. मटकीचे शेंडे खुडलेले दिसत. मी विचारलं तर म्हणाले, ससं असतील, इथं ससं लई. मी शेतकऱ्याची मुलगी, सशाने कुरतडलेलं आणि हरणाने खुडलेलं मला वेगळं ओळखता येतं. पण ओळखायचंच नसलं की येत नाही. ससे तर ससे, म्हटलं, आप्पा थांबताहेत ना. ते मुलीला मराठी बाराखडी शिकवत होते, बुधवारी फोनवर पीक कसं आहे ते सांगत होते, आणि गाडीत बसवून दे हे शब्द त्यांनी महिनाभरात काढले नव्हते.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी आम्ही जरा लवकर पोचलो. आप्पा तुकड्यावर होते. पाटलांनी मला बसवून कॉफी ओतली आणि म्हणाले, बेटी, तुझ्या बापाने माझं म्हातारपण गोड केलं. मी म्हटलं, हरणं आली असती तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं.

"रोज आता है. सात है. एक महीना हो गया," ते म्हणाले, आणि मग काहीतरी आठवून कपाळाला हात लावला. "खलास. वो बोला था, लड़की को अभी मत बोलो."

मी पेला तसाच ठेवून निघाले. आप्पा खजुरीची वाळलेली झावळी हातात घेऊन, वाकून, उलट्या पावलांनी तुकड्याची कड झाडत होते. झावळीपुढे वाळू सपाट होत होती आणि न झाडलेल्या बाजूला खुरांचे ठसेच ठसे होते. माझी चाहूल लागली तसे ते थांबले. सत्तरीचा माणूस चोरी पकडलेल्या पोरासारखा उभा होता.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

त्यांनी झावळी खाली ठेवली, हात धोतराला पुसले. "तुझ्या गुंतवळी तवाच घावल्या नळीखाली; काढल्या तरी चार दिस हरणं आली न्हाईत, मग आली. गाठ बघितली. म्हटलं, पोरीचं अजून मन भरलं न्हाई. राहू अजून थोडं."

मी तिथेच वाळूत बसले आणि रडले. आई गेल्यावर लोकांची व्यवस्था, कागदपत्रं, तिकिटं यांत माझं रडायचं राहून गेलं होतं, ते सगळं त्या मटकीच्या कडेला निघालं. आप्पा शेजारी बसून राहिले. उगी म्हणाले नाहीत. बऱ्याच वेळाने विचारलं, "आता भरलं का?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"माझंबी न्हाई," ते म्हणाले. "पर तिकडं गाई हायेत. आणि तुझी आई गेली ते घर असं कुलपात किती दिस ठेवू?"

मी त्यांना जपत होते आणि महिनाभर तेच मला जपत होते. त्यांना आपलं घर, आपलं दुःख तिकडे जाऊन उरकायचं होतं, आणि मी मध्ये पाय घालून बसले होते. मी म्हटलं, उद्या मला हरणं दाखवा, मग काढते तिकीट.

रात्री मळ्यावरच राहिलो आणि रविवारी पहाटे आम्ही सगळे पाटलांच्या दारात बसलो. थंडी होती. फटफटलं तशी टेकडीच्या धारेवर आधी कान दिसले, मग अंग. फिकट, वाळूच्याच रंगाची सात हरणं. ती उतरली, थांबली, हुंगली आणि मटकीत शिरली. आप्पांच्या गळ्याशी काहीतरी हललं. पन्नास वर्षांची आरोळी तिथे येऊन उभी होती, मला ती ओळखीची होती. पाटलांनी न बघता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आप्पांनी ओठ मिटून घेतले. मुलगी माझ्या कानात म्हणाली, "दे आर ईटिंग आजोबाज मटकी." आप्पांनी विचारलं, काय म्हणती? मी सांगितलं, तुमच्या हातचं खाताहेत म्हणतेय. ते नुसते बघत राहिले. डोळे वाहत होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत.

परतीच्या रस्त्यावर मी फोनवर तिकीट काढायला घेतलं. आप्पा मागच्या सीटवर नातीच्या डोक्याला डोकं टेकून झोपले होते. गाडी चालवता चालवता नवरा म्हणाला, परतीचंही बघून ठेव, स्वस्त पडतं, हवं तर तारीख पुढे बदलता येईल. त्याचं बरोबर होतं. मी एकदा मागे वळून पाहिलं आणि एकेरीच काढलं.